कमरेचं माप

गेल्या महिन्यात दोन पँटी शिवायला टाकायच्या म्हणून विट्यातल्या आमच्या नेहमीच्या टेलरमामांकडं गेलो होतो. आप्पांचे कपडे तेच शिवायचे, माझी शाळेची खाकी चड्डी पण त्यांच्याच मशीनवरची, त्यामुळं दुकानात गेलं की कापडाचा आणि गरम इस्त्रीचा तो वास आला की उगाच लहान झाल्यासारखं वाटतं. मी म्हणलं मामा, ह्या वेळी कंबरेला दोन इंच जास्त ठेवा, आणि बेल्टची लुपं जरा रुंद आणि जवळजवळ लावा, पट्टा जाड आहे. ते काही बोलले नाहीत, गळ्यातली टेप काढली आणि कमरेभोवती फिरवली. फिरवता फिरवता उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा मागं, त्यांची बोटं शर्टाखालच्या टणक वस्तूवर आपटली. इस्त्रीचा चटका बसावा तसा त्यांनी हात मागं घेतला आणि अर्धं पाऊल मागं सरकले. अर्धंच. मग टेप परत गळ्यात टाकली आणि वहीकडं बघत म्हणाले, "राहिलेली मापं जुनीच धरतो, धाकलं शेठ. तुमचं माप काय लई बदललं न्हाय."

ते लाकूड होतं.

खरंच लाकूड. रिव्हॉल्वरच्या वजनाचा शिसवीचा ठोकळा, आत पोकळ करून शिसं ओतलेलं. आणि मी मामांना ते सांगितलं नाही. बाहेर येऊन गाडीत बसलो, किल्ली लावली, तेव्हा लक्षात आलं की सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं, हसून विषय संपला असता. पण मी गप्प बसलो, आणि गप्प बसताना आतल्या आत काहीतरी ताठ झालं होतं, एक प्रकारचा रुबाब, तो मला त्या घटकेला आवडलाही होता. हे कबूल करायला महिना लागला. त्या अर्ध्या पावलाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

ठोकळा कुठनं आला ते सांगतो. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा, विट्याकडच्या माणसाला पुढं काही सांगायला नको. आजोबा मद्रासकडं गेले, आप्पा तिकडंच वाढले, आणि मग पन्नाशीला सगळं आवरून गावी परत आले. आता मी विटा, तासगाव, सांगली, मिरज इथल्या सराफांकडनं मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, गोळा करतो, गाळतो, टंच काढतो, म्हणजे सोनं किती शुद्ध ते बघतो, आणि परत पोचवतो. आठवड्यातनं तीन दिवस अंगावर दुसऱ्याचं सोनं घेऊन रस्त्यावर असतो. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी तासगाव सोडल्यापासनं एक मोटरसायकल माझ्या मागं लागली. मी हळू झालो की ती हळू, मी पळवली की ती पळती. दोन्हीकडं द्राक्षबागा, मध्येच बेदाण्याची शेडं, माणूस दिसत नाही. कवलापूरच्या वस्तीत मी चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली तशी ती निघून गेली. झालं काहीच नाही. कदाचित ती पोरंही आपली घरी चालली असतील. पण माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला. त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी सांगलीत विजयनगरला कलेक्टर ऑफिसात हत्याराच्या लायसन्सचा अर्ज दिला. पोलिसांची चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, तारखा, ते सगळं ज्यांनी केलंय त्यांना माहिती आहे. शेवटी मिळालं. आणि मग खरा प्रश्न आला की घ्यायचं काय.

मला वाटायचं हा बाजारातला प्रश्न आहे, मोबाईल घ्यायचा तसा. रात्र रात्र यूट्यूब बघितलं. अमेरिकेतली माणसं एकामागनं एक पिस्तुलं टेबलावर मांडून बोलत असतात, सगळी नऊ एमएमची, आणि आपल्याकडं नऊ एमएम म्हणजे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सामान्य लायसन्सवर मिळतच नाही. परदेशी माल बाहेरनं आणायचा रस्ता तर ऐंशीच्या दशकातच बंद झाला, आता जी जुनी विलायती हत्यारं फिरतायत त्यांच्या किमती ऐकून आमच्यासारख्या सोन्यातल्या माणसालाही घाम फुटतो. म्हणजे कमरेला लावायचं म्हणलं तर आपल्यापुढं मुख्यतः बत्तीस बोअर. त्यात पिस्तूल घ्यायचं का रिव्हॉल्वर, सरकारी कारखान्याचं का दुसऱ्या कुणाचं, आणि घरात आप्पांची तीस वर्षांची जुनी रिव्हॉल्वर आहेच. आप्पा सत्तर ओलांडून गेलेत. लायसन्सदार सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं की वारसाच्या नावावर लायसन्ससाठी अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. सगळे म्हणत होते, घरची आहे, लाखभर रुपये कशाला घालवतो.

ट्रेनिंगला आम्हाला शिकवायला एक रिटायर सुभेदार होते, आमच्याच तालुक्यातले. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, तुम्ही बसता कसं? मला कळेना. म्हणाले, दुकानात गादीवर मांडी घालून बसता का खुर्चीवर, गाडी कुठली चालवता, शर्ट आत खोचता का बाहेर, देवळात किती वेळा जाता. हत्यार दिवसातनं एकदा सुद्धा बाहेर निघणार नाही, देवाच्या दयेनं जन्मात निघणार नाही, पण बसणं-उठणं रोज शंभर वेळा आहे, तेव्हा आधी त्याचा विचार करा आणि मग डीलरकडं जा. आणि त्यांनीच ठोकळ्याची युक्ती सांगितली. वजनाचा आणि जाडीचा ठोकळा करून पंधरा दिवस कमरेला लावून फिरा, मग अंगच सांगेल.

मी तीन केले. शेजारच्या सुतारानं शिसवीचे तुकडे काढून दिले, शिसं मी माझ्या भट्टीवर ओतलं. ज्या मुशीत आजवर दुसऱ्यांच्या पाटल्या आणि गंठणं वितळली, त्याच्या शेजारी दुसऱ्या मुशीत शिसं वितळताना बघत बसलो होतो, त्याच्यावर ती राखाडी साय धरते ना, ती सळईनं बाजूला सारत. एक जाड, मधे फुगीर, ७०० ग्रॅम, आप्पांच्या रिव्हॉल्वरसारखा. एक तेवढ्याच वजनाचा पण चपटा, पिस्तुलाचा. एक फुगीरच पण ५०० ग्रॅम. सोन्याच्या काट्यावर वजन केलं, ग्रॅमचा फरक नाही. बायको बघत उभी होती. ती म्हणाली, हे खेळणं झालं का, आता ह्याच्यानं काय होणार? मी म्हणलं, ह्याच्यानं काही होणार नाही म्हणूनच आधी हे.

अंगानं भरपूर सांगितलं. चपटा सगळ्यात सुखाचा, शर्टाखाली आहे का नाही तेच कळत नाही, आरशात बाजूनं बघितलं तरी दिसत नाही. फुगीर मात्र दिसतो, कारण रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चक्र कितीही म्हणलं तरी दोन बोटं जाड असतंच. गाडीत सीटबेल्टचा खालचा पट्टा नेमका उजव्या कमरेवरनं येतो आणि सगळं त्याच्याखाली दाबून टाकतो, म्हणजे वेळ आलीच तर आधी बेल्ट आणि मग शर्ट. मांडी घालून बसलं की मूठ बरगडीत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडं वळून बघायचं झालं की घाव घातल्यासारखं टोचतं. संडासला गेलं की ते कुठं ठेवायचं हा प्रश्न कुठल्या व्हिडिओत नव्हता, कारण त्यांची बसायची पद्धत वेगळी. आणि ७०० ग्रॅम हे सकाळी काहीच नसतं, पण दुपारी तीनला, विट्याच्या एप्रिलात, चामड्याच्या होल्स्टरखाली कातडी घामानं सोलून निघायला लागली की ते दोन किलोचं होतं. पाचव्या दिवशी मी तो ठोकळा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तसाच सांगलीला जाऊन आलो. सुभेदारांना हे सांगितलं तर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, खरं असतं तर ते आज दिवसभर उघड्या ड्रॉवरमध्ये असतं, घरात पोरं आहेत ना तुमच्या?

आहेत. नऊ वर्षांची आणि सहा वर्षांचा.

सगळ्यात जास्त मला त्रास दिला तो वाकण्यानं. आपल्याकडं माणूस दिवसात किती वेळा वाकतो हे मी त्याआधी मोजलं नव्हतं. रेणावीला रेवणसिद्धाच्या पायऱ्यांशी वाकायचं, सराफकट्ट्यावर एखाद्या म्हाताऱ्या शेठजींच्या पाया पडायचं, मावशी आली वाक, आत्या निघाली वाक. कमरेतनं वाकलं की शर्ट वर सरकतो आणि मागनं सगळं उघडं. आणि उघडं पडून चालत नाही, नुसतं लोक काय म्हणतील म्हणून नाही, नियमच आहे, सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे, आणि आपल्या ताब्यात पाहिजे. म्हणून मी गुडघे टेकून नमस्कार करायला शिकलो. आत्या म्हणाली, केवढा गुणाचा झालास रे. तिच्या पायावर डोकं ठेवलेलं असताना माझं अर्धं लक्ष मागच्या शर्टाकडं होतं, आणि तिचा हात माझ्या डोक्यावर होता. तो आशीर्वाद मी नीट घेतला नाही असं मला वाटत राहिलं.

आजोबांच्या कमरेलाही वजन असायचं. त्यांच्या वेळी सोनं आणि पैसा कशात, म्हणजे कापडाच्या लांबट पिशवीत, भरून धोतराखाली कमरेला बांधायचे, आणि मिरज जंक्शनवरनं गाडीत बसले की दोन दोन रात्री तो कसा सोडायचे नाहीत. झोपायचेही पालथे. आजी सांगायची, घरी आले की कसा सोडल्यावर पोटावर लाल वळ असायचे आणि ती खोबरेल चोळायची. हत्यार नव्हतंच त्यांच्याकडं, लपवणं हेच हत्यार. आप्पांच्या पिढीत रिव्हॉल्वर आली. मला आठवतंय ते ती नेहरू शर्टाच्या आत रुंद पट्ट्यात लावायचे आणि घरात पाय ठेवला की चप्पल काढायच्या आधी आतल्या खोलीत जायचे, कपाटाच्या कुलपाचा आवाज यायचा, मग बाहेर येऊन पाणी मागायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं बाप घरी आला म्हणजे आधी कुलूप वाजतं. चक्राची घरं सहा पण गोळ्या पाच, घोड्याखालचं घर कायम रिकामं, कारण जुन्या चालीचं हत्यार, पडलं आपटलं तर. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि परत कधी विचारू दिलं नाही.

२०२४ ला आधी लोकसभा आणि मग विधानसभा, दोन्ही वेळा आचारसंहिता लागल्यावर आप्पांची रिव्हॉल्वर पोलीस स्टेशनात जमा होती. त्या दिवसांत बघितलं, आप्पा खुर्चीवरनं उठताना उजवा हात कमरेशी न्यायचे. काही नसायचं तिथं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, ती कपाटातच असती एरवी, पण जमा आहे म्हणल्यावर हाताला आठवण यायला लागली. मी विचारलं, आप्पा, ओझं वाटायचं का हो? ते म्हणाले, "वाटायचंच. ज्या दिवशी वाटलं न्हाय, त्या दिवशी घरी ठिवून गेलो."

मी तर न जाणवणारं हत्यार शोधत फिरत होतो.

खरं ठरलं ते गोळ्या झाडताना. सुभेदारांनी मुद्दाम, मला न सांगता, चांगल्या गोळ्यांत एक न उडणारी गोळी मिसळली होती. आधी पिस्तूल. दोन उडाल्या, तिसऱ्याला नुसतं क्लिक. मी हात खाली घेतला आणि पिस्तुलाकडं बघायला लागलो, काय झालं म्हणून. ते मागनं म्हणाले, समोर बघा, समोर, तुमचा माणूस समोर आहे. मग स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढायची, ती गोळी बाहेर टाकायची, परत धरायचं, हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहून दिलं असतं, पण हातांनी ऐकलं नाही आणि नजर समोरनं सुटली. मग रिव्हॉल्वर दिली. तिसऱ्याला क्लिक, आणि मला कळायच्या आत बोटानं परत ट्रिगर ओढला होता, चक्र फिरलं, पुढची उडाली. पिस्तुलात दोष नव्हता. ज्याचा सराव आहे त्याच्या हातात ते उत्तमच चालतं, आणि ते अंगाला सुखाचं आहे हेही खरं. पण मी महिन्यातनं एकदा सुद्धा झाडणार नाही, गोळ्या मोजून मिळतात, आणि वेळ आली तर माझे हात कवलापूरच्या टपरीवरच्या चहाच्या कपासारखे असणार. भरवशाचं हत्यार कुठलं असं आपण विचारतो तेव्हा त्या हत्याराबरोबर आपले तसले हात पण धरायला पाहिजेत, हे मला तिथं कळलं, आणि कळल्यावर जरा हलकं वाटलं.

मग आप्पांचीच का नाही? मला तीच हवी होती, मनापासनं. मूठ झिजून गुळगुळीत झालेली, तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा अंगठा तिथं बरोबर बसतो. पण जाणकाराला दाखवली तर त्यानं घोडा मागं ओढून चक्र दोन बोटांत धरून हलवलं आणि ते डुगडुगलं. म्हणजे नळीसमोर घर बिनचूक येईलच असं नाही. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या गोळ्या निघाल्या, पितळेवर हिरवा थर, ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तशा कळकलेल्या. बुडावर खडकीच्या कारखान्याचा केएफ शिक्का अजून वाचता येत होता. आप्पा शेजारी बसले होते. ते ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरला, मग म्हणाले, तिच्यावर भिस्त ठेवू नको. मी ठेवली कारण मला दुसरं काय मिळत नव्हतं.

शेवटी निर्भीक नावाची रिव्हॉल्वर घेतली. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ मध्ये काढलेली, बत्तीस बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. तिच्यानंतर २०२३ ला प्रबळ आली, तिचं चक्र बाजूला उघडतं, ती पण हातात घेऊन बघितली, चांगली वाटली. पण निर्भीक आप्पांच्या चालीचीच आहे, अंगठ्यानं खटका दाबला की नळी पुढं मोडते आणि गोळ्या एकदम वर उचलल्या जातात, आणि ती हालचाल मी लहानपणी दाराच्या फटीतनं इतक्या वेळा बघितलीय की माझ्या हाताला ती आधीच येत होती. मूठ लहान आहे, करंगळी खाली लोंबते, झाडली की जड हत्यारापेक्षा जास्त उसळते. ते मान्य करून घेतली, कारण ठोकळ्यांत ५०० ग्रॅमचा एकच असा होता जो मी पंधराच्या पंधरा दिवस काढला नाही. जे अंगावर राहत नाही ते ड्रॉवरमध्ये राहतं, आणि ड्रॉवरला पोरांचे हात पोचतात. लोखंडी पेटी वेगळी केलीय, भिंतीला बोल्टनं, किल्ली माझ्या गळ्यात.

बायकोनं नाव वाचलं आणि गप्प झाली. दिल्लीच्या त्या मुलीला देशानं निर्भया म्हणलं, त्याच्यावरनं हे नाव ठेवलं होतं, बायकांच्या पर्समध्ये मावेल म्हणून तिची जाहिरात झाली होती, आणि तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. बायको म्हणाली, आमच्या शाळेतली शिपाई बाई रोज संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं जाते, तिच्या वर्षाच्या पगाराएवढी झाली की ही. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं आणि अजून नाही. जे माझ्याकडं आहे ते दुसऱ्याचं सोनं, म्हणून मला ती मिळाली.

परवा भाच्याच्या लग्नात पोरांनी घेरलं होतं, मामा दाखव की, एक बार काढ की हवेत. कुणीतरी सांगितलं असणार. मी सांगितलं की २०१९ पासनं आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की त्या पोरांच्या डोळ्यांत मला तोच ताठपणा दिसला जो टेलरच्या दुकानात माझ्या आत झाला होता, आणि मी तर लाकूड लावून ताठ झालो होतो. मी तिथनं उठलो, पंगतीत जाऊन आप्पांच्या शेजारी बसलो. मूठ बरगडीला लागत होती. लागू दिली.

काल पँटी आणायला गेलो. दुकानात कोणी नव्हतं, मामा काज करत बसले होते. पँटी काढून काउंटरवर ठेवल्या. कमरेला उजव्या बाजूला आतनं जाड अस्तराचा एक हातभर पट्टा शिवला होता, दुहेरी शिलाईचा, मी सांगितला नव्हता. म्हणाले, "आप्पांस्नी पण लावायचो. कातडं सोलत न्हाय." मी जादा पैसे विचारले तर मान हलवली. मग माझ्याच्यानं राहवलं नाही, म्हणलं, मामा, त्या दिवशी तुमच्या हाताला लागलं ना, ते लाकूड होतं. नुसता ठोकळा होता मापाचा. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

त्यांनी चष्म्यावरनं बघितलं. सुई कापडात टोचून ठेवली.

"आन् आज?"

मी म्हणलं, आज खरं आहे.

त्यांनी पँट घडी उलगडून काउंटरवरनं माझ्याकडं सरकवली आणि आतल्या पडद्याकडं हात केला. "आत जाऊन घालून बघा. कंबर नीट बसतीया का सांगा, म्या हितंच हाय."